एक पेला वाइन आणि ६ वर्षांची शिक्षा

परवा ग्रुपवर तो जुना फॉरवर्ड पुन्हा आला. "इटलीत भूकंपाचं भाकीत करता आलं नाही म्हणून शास्त्रज्ञांना तुरुंगात टाकलं." खाली हसणाऱ्या इमोजींची रांग आणि एकाने गॅलिलिओचा फोटोही डकवलेला. मी काही बोललो नाही, कारण २०१२ मध्ये निकाल आला तेव्हा मीही हेच बडबडत होतो. मग एकदा सवड काढून खटल्याबद्दल नीट वाचलं आणि गप्प झालो.

लाक्विला हे मध्य इटलीतलं डोंगरातलं जुनं गाव. १७०३ च्या भूकंपात मोडलेलं आणि पुन्हा उभं राहिलेलं. २००९ च्या सुरुवातीपासून तिथे बारीकसारीक धक्के बसत होते. अशा वेळी तिथल्या लोकांची पिढ्यान् पिढ्यांची एक रीत होती: जरा जोराचा धक्का बसला की पांघरूण घेऊन बाहेर पडायचं आणि रात्र चौकात, नाहीतर गाडीत काढायची. त्यात ज्यांपाओलो ज्युलियानी नावाचा एक तंत्रज्ञ रेडॉन वायू मोजून मोठा भूकंप येणार म्हणून सांगत सुटला. रेडॉनवरून भूकंपाची तारीख काढता येत नाही, म्हणजे त्याचं शास्त्र कच्चंच होतं. पण सरकारने काय केलं? घबराट पसरवल्याची तक्रार त्याच्यावर ठोकली.

आणि ३१ मार्चला देशातल्या नामांकित तज्ज्ञांची बैठक लाक्विलात बोलावली. नागरी संरक्षण विभागाचे प्रमुख बर्तोलासो यांचं त्याआधीचं फोनवरचं बोलणं पुढे बाहेर आलं. बैठक म्हणजे माध्यमांसाठीचा कार्यक्रम आहे, लोकांना शांत करायचंय, हे ते स्वतःच सांगत होते. बैठक चालली जेमतेम तासभर. ती सुरू होण्याआधीच उपप्रमुख दे बर्नार्दिनिस टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर बोलून मोकळे झाले होते: छोट्या धक्क्यांतून ऊर्जा निघून जातेय, म्हणजे परिस्थिती उलट चांगलीच आहे. पत्रकाराने विचारलं, मग निवांत वाइनचा पेला घ्यायला हरकत नाही? हे म्हणाले, हो हो, माँटेपुल्चानोच घ्या.

ऊर्जा निघून जाते हे वाक्य कानाला किती बरं लागतं, कुकरच्या शिट्टीसारखं. पण ते धादांत चूक आहे. बारीक धक्क्यांची बहुतेक सत्रं मोठ्या भूकंपाशिवाय विरून जातात हे खरं, पण अशा दिवसांत मोठ्या धक्क्याची शक्यता एरवीपेक्षा वाढलेली असते हेही तितकंच खरं. खोलीत बसलेल्या सहा शास्त्रज्ञांना हे पाठ होतं. पण हा माणूस टीव्हीवर चुकीचं बोललाय, असं बाहेर येऊन एकानेही सांगितलं नाही.

५ एप्रिलच्या रात्री ११ च्या सुमारास धक्का बसला, १ च्या सुमाराला आणखी एक. काही जण रीतीप्रमाणे बाहेर पडले. काहींनी तज्ज्ञांचं ऐकलं आणि घरातच झोपले. पहाटे ३:३२ ला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. ३०९ माणसं गेली.

खटला भाकीत चुकल्याचा नव्हताच. घरात थांबा असा दिलासा कुणी दिला आणि त्या दिलाशावर विसंबून कोण मेलं, याचा होता. ऑक्टोबर २०१२ मध्ये ते सहा शास्त्रज्ञ आणि दे बर्नार्दिनिस अशा सातही जणांना निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरल्याबद्दल ६-६ वर्षं ठोठावली. सरकारी वकिलांनी ४ च मागितली होती! नोव्हेंबर २०१४ मध्ये अपिलात सहा शास्त्रज्ञ सुटले, दे बर्नार्दिनिस यांची शिक्षा २ वर्षांवर आली आणि २०१५ मध्ये तेच कायम झालं. माझ्या मते हा शेवटचा निकाल बरोबर आहे. दुसऱ्याच्या तोंडच्या वाक्याबद्दल शास्त्रज्ञाला आत टाकलं तर उद्या कुणी सरकारी समितीवर बसणार नाही. पण सुटले म्हणजे त्यांचं काही चुकलंच नाही, असं मला म्हणवत नाही.

आता आपल्याकडे या. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ उघडून बघा. कलम ५४: आपत्तीचा खोटा इशारा देऊन घबराट पसरवली तर १ वर्षापर्यंत कैद किंवा दंड. कलम ७४: अधिकाऱ्याने अधिकृतपणे दिलेल्या इशाऱ्याबद्दल त्याच्यावर कारवाई नाही. दोन्ही आपापल्या जागी ठीक आहेत. पण खोटा धीर देणाऱ्यासाठी ५४ सारखं कलम शोधलं तर सापडत नाही. भीती घातली तर गुन्हा, "काही होत नाही, झोपा" म्हटलं तर ती समाजसेवा. लाक्विलातही हेच झालं होतं. तक्रार ज्युलियानीवर आणि कॅमेरा उपप्रमुखांवर.

मी औसा तालुक्यातला. किल्लारी परिसरात १९९२ साली, म्हणजे मोठ्या भूकंपाच्या वर्षभर आधी, असेच धक्के बसत होते. मी तेव्हा चौथीत. फळीवरची भांडी खणखणायची, माळवदातून माती गळायची आणि आजी आम्हा पोरांना घेऊन अंगणात बाज टाकायची. आमच्या घराच्या भिंती हातभर रुंद, दगड आणि चिखलाच्या. कुठून तरी एक साहेब जीपमधून आले, पारावर उभे राहून म्हणाले, घाबरायचं कारण नाही, घरात झोपा. कुठल्या खात्याचे ते आजही मला माहीत नाही. आजीने पदर सावरत विचारलं, "मग तसं लिहून देता का सायेब?" लोक हसले, साहेबही हसले. लिहून काही दिलं नाही. थंडी पडली तशा आमच्या बाजा पुन्हा आत गेल्या.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. आमची एक भिंत पडली ती बाहेरच्या अंगाला, म्हणून मी हे लिहायला आहे. शेजारच्या घराची आत पडली.

लाक्विलाच्या त्या तासाभराच्या बैठकीचं इतिवृत्त लोकांसमोर आलं तेही भूकंप झाल्यावर. ते वाचलं तेव्हा मला दे बर्नार्दिनिस आठवले नाहीत. पारावरचे साहेब आठवले, आणि जीपमध्ये बसताना त्यांनी आजीला केलेला नमस्कार.