नळी घासायच्या आधी: धुळ्याच्या भाऊंना उत्तर

भाऊ, घरी काडतुसं भरण्यावरच्या माझ्या लेखाला तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे. तुमचं म्हणणं असं: टेक्सासातल्या तुमच्या भाच्याने घरी भरलेली ९ एमएमची काडतुसं पिस्तुलाच्या चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसायची जागा) पूर्ण बसत नाहीत, यात दोष नळीचा, ती थोडी घासून घेतली की झालं, मी उगाच काडतुसाला बोल लावतोय. शिवाय असलं लिहून मी खान्देशातल्या कट्टेवाल्यांना शिकवतोय.

दुसरं आधी उरकतो. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. किती दारू भरायची हे मी लिहिलेलं नाही, लिहिणारही नाही. जिथे हा छंद कायदेशीर आहे, तिथल्या आपल्या पोरांसाठी तो लेख होता. आणि कट्टेवाल्याला मोजमापाची आवड असती तर तो कट्टेवाला झाला नसता.

आता नळी. तुम्हीच लिहिलंय की दुकानातली काडतुसं त्याच पिस्तुलात सुरळीत जातात. मग नळीला फाशी कशासाठी? आमच्या वरणगावात काडतुसांचा सरकारी कारखाना आहे. तिथल्या कुठल्याही जुन्या कामगाराला विचारा, तो आधी गेज, म्हणजे काडतुसाचं माप तपासायचा साचा, मागेल. भाच्याकडे गेज नसलं तरी चालेल. पिस्तूल रिकामं करून नळी बाहेर काढायची आणि काडतूस तिच्यात नुसतं सोडायचं. टप्प करून बसलं, बोटाने फिरलं आणि नळी उलटी करताच खाली पडलं, तर ठीक. अडलं तर पुंगळी (काडतुसाचं धातूचं कवच) आणि गोळी काळ्या मार्करने रंगवून पुन्हा सोडायचं आणि शाई कुठे खरवडली ते बघायचं. गोळीवर खरवडली, तर गोळी फार बाहेर राहून नळीच्या आट्यांना (आतल्या पिळदार खाचांना) टेकतेय. पुंगळीच्या तोंडाशी खरवडली, तर गोळी बसवण्यासाठी फाकवलेलं तोंड परत मिटलेलं नाही. बुडाशी खरवडली, तर पुंगळी खालपर्यंत आवळली गेली नाही. माझा संशय तोंडावर आहे.

एक मान्य: काही पिस्तुलांत आटे चेंबरच्या अगदी जवळ सुरू होतात आणि बोथट नाकाची गोळी तिथे अडते. पण म्हणून गोळी मनाला येईल तितकी आत ढकलायची नाही. आतली जागा कमी झाली की दाब चढतो.

‘दुसऱ्या ठोक्याला उडतं’ यालाही तुम्ही पिस्तूलच जबाबदार धरलंय. बहुतेक वेळा प्राइमर (काडतुसाच्या बुडातली, दारू पेटवणारी टोपी) खोबणीत पुरता बसलेला नसतो. पहिला ठोका त्याला बसवण्यात जातो.

आणि बार नेहमीपेक्षा दबका वाजला, तर तिथेच थांबायचं. दारू पडलीच नसेल तर एकटा प्राइमर गोळीला नळीत ढकलून अडकवतो, आणि मागून दुसरी सुटली की नळी फाटू शकते.

घासलेली नळी परत भरून येत नाही, क्रिम्पची डाय (पुंगळीचं तोंड मिटवणारा साचा) मात्र केसभर खाली घेता येते. तोंडाचा व्यास ९.६५ मिमीच्या आत हवा. फार आवळू नये. ही पुंगळी चेंबरमध्ये तोंडावरच टेकते. भाच्याला कॅलिपर लावायला सांगा आणि आकडा मला कळवा.