पाइनहर्स्ट गोल्फसाठी वसलंच नव्हतं

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनामधल्या पाइनहर्स्टबद्दल एक मजकूर सगळीकडे फिरतो: ‘हे गाव गोल्फसाठीच वसवलं. स्कॉटलंडच्या डोनाल्ड रॉस या गोल्फ मैदानांच्या रचनाकाराने ते घडवलं. तिथल्या ‘नंबर टू’ मैदानावरची कासवाच्या पाठीसारखी ग्रीन्स (चेंडू टाकायच्या खळग्याभोवतीच्या गुळगुळीत जागा) 1907 पासून तशीच आहेत आणि मैदानही पहिल्यापासून हिरव्या गालिच्यासारखं आहे.’ यातलं एकही विधान टिकत नाही.

‘गोल्फसाठी वसवलं’

बोस्टनचे सोडा फाउंटनचे कारखानदार जेम्स वॉकर टफ्ट्स यांनी 1895 मध्ये इथे पाच हजारांहून जास्त एकर जमीन घेतली, एकरी साधारण एक डॉलरने. इतकी स्वस्त, कारण राळ आणि टर्पेंटाइनसाठी पाइनची झाडं पिळून, मग तोडून, मागे नुसती रेताड जमीन उरली होती. त्यांना हवं होतं ते उत्तरेकडच्या बेताच्या कमाईच्या लोकांसाठी, विशेषतः छातीच्या दुखण्याने त्रासलेल्यांसाठी, हिवाळ्यातलं आरोग्यधाम. उद्यानरचनाकार ऑल्मस्टेड यांच्या कंपनीने अंडाकृती हिरवळ आणि वळणदार रस्ते आखले. वॉरन मॅनिंग यांनी दोन लाखांहून जास्त झाडंझुडपं लावून घेतली. गोल्फची पहिली नऊ होल (शेवटी खळगा असलेले खेळाचे टप्पे) आली 1898 मध्ये. क्षय संसर्गजन्य आहे हे पटल्यावर क्षयरोग्यांना दार बंद झालं, आणि आरोग्यधामाचं खेळाचं गाव झालं.

‘रॉसने घडवलं’

रॉस आले डिसेंबर 1900 मध्ये. तोवर गाव पाच वर्षांचं झालं होतं आणि 18 होलही तयार होती. मैदानांवरचं त्यांचं काम थोरच आहे, पण गाव त्यांचं नाही. शिवाय कॅडी (खेळाडूंच्या काठ्यांची पिशवी वाहणारे) आणि हॉटेलांतले कितीतरी कामगार शेजारच्या टेलरटाउन या कृष्णवर्णीय वस्तीतून येत. त्यांचं नाव या मजकुरात कुठेच नसतं, हे आम्हाला सर्वांत जास्त खटकतं.

‘ग्रीन्स 1907 पासून तशीच’

1907 मध्ये त्या ग्रीन्सवर गवतच नव्हतं! खाली दाबलेली चिकणमाती, वर वाळूचा थर, सगळं सपाट. पटिंगआधी, म्हणजे चेंडू हळूच खळग्याकडे ढकलण्याआधी, पायांचे ठसे पुसायला त्यावरून गालिच्याचा तुकडा ओढत. गवत आलं 1930 च्या दशकाच्या मध्याला, 1936 च्या पीजीए या व्यावसायिक गोल्फपटूंच्या स्पर्धेच्या तोंडावर. उंचवटे रॉस यांनी तेव्हा दिले हे खरं, पण आजच्या फुगवट्याला पुढच्या देखभालीचाही हातभार आहे. ग्रीन गुळगुळीत राहावं म्हणून त्यावर वरचेवर वाळू पसरतात. वर्षाला 5 मिलिमीटर थर धरला तरी 50 वर्षांत 25 सेंटिमीटर होतो. कडेबाहेर ती वाळू पडत नाही, त्यामुळे मधला भाग चढत जातो, कडा उतरत्या होतात आणि चेंडू निसटतो.

‘हिरवा गालिचा’

तो रूप बदलल्याचा परिणाम. जुन्या मैदानात फेअरवेच्या (ग्रीनपर्यंत जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) मधोमध पाण्याची एकच नळवाट होती. पाणी पोचेल तिथे गवत, त्यापलीकडे उघडी वाळू आणि रानगवत. पुढे सगळीकडे तुषारनळ बसवले, गवत दाट वाढवलं, फेअरवे अरुंद झाले. 2010-11 मध्ये बिल कूर आणि बेन क्रेनशॉ या मैदान-रचनाकारांनी 1943 ची हवाई छायाचित्रं आणि ती जुनी नळवाट यांवरून मूळ रुंदी शोधली, सुमारे 35 एकर हिरवळ उपटली आणि तुषारनळ साधारण 1,150 वरून 450 वर आणले. 2014 ची यूएस ओपन ही गोल्फ स्पर्धा त्याच वाळूवर आणि रानगवतावर खेळली गेली.