गुडइयर शिक्षण सोडून अब्जाधीश झाला म्हणे!

सोलापूरच्या आमच्या घरच्या ग्रुपवर परवा एक फॉरवर्ड आला : ‘चार्ल्स गुडइयर रसायनशास्त्र शिकला नव्हता. चुकून रबर शेगडीवर पडलं, व्हल्कनायझेशनचा शोध लागला, टायर कंपनी काढून तो अब्जाधीश झाला. डिग्रीच्या मागे लागू नका.’ (व्हल्कनायझेशन म्हणजे रबरात गंधक मिसळून, तापवून ते टिकाऊ करणं.) पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षातल्या माझ्या भाच्याने तो स्टेटसला ठेवला आणि वर ताईलाच सुनावलं, “बघ, कॉलेजात काही नसतं.” म्हणून हे लिहितोय.

कंपनीचं आधी उरकतो. गुडइयर 1860 साली वारला तेव्हा त्याच्यावर सुमारे 2 लाख डॉलर कर्ज होतं. कर्जापायी तो तुरुंगातही जाऊन आला होता. त्याच्या नावाची टायर कंपनी फ्रँक सायबरलिंगने 1898 साली काढली. गुडइयरचा तिच्याशी काडीचा संबंध नाही.

आता ते ‘चुकून’. गंधक मिसळलेलं रबर 1839 साली तापलेल्या शेगडीला लागलं, हे खरं. रसायनशास्त्र तो शिकला नव्हता, हेही मान्य. पण त्याआधी काही वर्षं तो रबरात नाना पदार्थ कालवून बघत होता. टपालखात्यासाठी केलेल्या त्याच्या रबरी पिशव्या उन्हाळ्यात चिकट होऊन वाया गेल्या होत्या. गंधकाची युक्ती त्याने रबरावरच काम करणाऱ्या नॅथॅनिएल हेवर्डकडून घेतली होती. आणि शेगडीनंतर? अमेरिकन पेटंट 1844 चं. मधली वर्षं आच किती आणि वेळ किती, याचा मेळ बसवण्यात गेली. ‘गम-इलॅस्टिक’ या स्वतःच्या पुस्तकात त्याने याला निव्वळ अपघात म्हणायला साफ नकार दिलाय. हे चिकाटीचं आणि बारीक निरीक्षणाचं फळ आहे, असं तो म्हणतो.

पंक्चरच्या दुकानात बघा. ट्यूब घासतात, कच्च्या रबराचा तुकडा ठेवतात, गरम प्लेटखाली दाबतात. लवकर काढला तर सुटतो, जास्त ठेवला तर ट्यूब करपते. गुडइयरला नेमकं हेच गणित कोणी सांगणारं नव्हतं.

आणि ताणलेलं रबर मागे का येतं? शेगडीने ते सांगितलं नाही. त्यासाठी गुथ, कून, ट्रेलोर या शास्त्रज्ञांना विसाव्या शतकात रबराच्या लांबलचक रेणूसाखळ्यांना सांख्यिकी भौतिकशास्त्र, म्हणजे असंख्य कणांच्या सरासरी वागण्याचं गणित, लावावं लागलं. याच क्षेत्रातल्या पॉल फ्लोरीला 1974 चं नोबेल मिळालं, तोही पीएच.डी. केलेला. भाच्याच्या स्टेटसला यातलं एकही नाव नाही.