जुन्या फोनची पद्धतशीर वाट कशी लावावी

नवा फोन घ्यायचा म्हटलं की कारण द्यावं लागतं, आणि ‘जुन्याचा कंटाळा आला’ असं सांगायला जीभ रेटत नाही. म्हणून जुना फोन आधी बिघडलेला लागतो. नुसता बिघडूनही भागत नाही. तुम्ही त्याला वाचवायला जिवाचं रान केलंत आणि तरीही तो हाती लागला नाही, असं चार लोकांना दिसलं पाहिजे. हे येरागबाळ्याचं काम नाही. फोन दुरुस्त होऊ न देता दुरुस्तीचे प्रयत्न कसे चालू ठेवायचे, ते नीट समजून घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बॅटरीकडे फिरकायचं नाही. जुन्या फोनचं दुखणं बहुधा तिथेच असतं, म्हणून ती वाटच धोक्याची. लिथियम-आयन बॅटरी झिजणारी वस्तू आहे, हे कंपन्या लपवतही नाहीत. ५०० पूर्ण चार्जनंतर, तेही आदर्श परिस्थितीत, मूळ क्षमतेच्या ८० टक्के उरावी अशा हिशेबाने बॅटरी बनवलेली असते, असं आयफोन १४ आणि त्याआधीच्या मॉडेलांबद्दल ॲपलनेच लिहून ठेवलंय. रोज एक पूर्ण चार्ज धरला तर हा आकडा दीड वर्षाच्या आतच गाठला जातो. तुम्ही मात्र पाच वर्षांच्या फोनकडे बघून ‘पूर्वी हा दिवसभर जायचा हो’ असं हळहळत राहा.

कधी कधी फोन ३० टक्के दाखवतो आणि कॅमेरा उघडला की धाडकन बंद पडतो. झिजलेल्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. कॅमेऱ्याने एकदम जास्त करंट मागितला की व्होल्टेज कोसळतं आणि फोन स्वतःला बंद करून घेतो. थंडीत हे जास्तच होतं. असलं काही बोलून वातावरण बिघडवू नका. ‘व्हायरस घुसलाय’ म्हणा, सगळे माना डोलावतात.

कुणी फारच खोलात शिरायला लागलं तर २०१७ सालचं प्रकरण काढा. जीर्ण बॅटरीचे आयफोन असे अचानक बंद पडू नयेत म्हणून ॲपल सॉफ्टवेअरमधून त्यांचा वेग कमी करत होतं, आणि ग्राहकाला याचा पत्ताच नव्हता. डिसेंबर २०१७ मध्ये कंपनीने कबुली दिली, माफी मागितली, बॅटरी बदलून घेणं स्वस्त केलं. पुढे २०२० मध्ये फ्रान्सने अडीच कोटी युरोंचा दंडही ठोठावला. ‘बघा, कंपन्या मुद्दाम फोन हळू करतात’ इथपर्यंत गोष्ट सांगून थांबायचं. नवी बॅटरी घातली की तेच फोन पुन्हा पळायला लागायचे, हा उत्तरार्ध गाळायचा.

मग वेळ कशात घालवायचा? ॲप्स बंद करण्यात. अलीकडे उघडलेल्या ॲप्सची रांग समोर आणा आणि अंगठ्याने एकेक कार्ड वर भिरकावत सुटा. त्या वेळी चेहऱ्यावर जो कर्तव्यपूर्तीचा भाव येतो, त्याला तोड नाही. मागे गेलेली बहुतेक ॲप्स सिस्टीमने आधीच गोठवलेली असतात आणि तुम्ही उडवलेलं ॲप पाच मिनिटांनी पहिल्यापासून उघडताना फोनला उलट जास्तच राबावं लागतं. पण हात चालू राहिला पाहिजे. तेवढ्याने मन भरलं नाही तर फोन ‘साफ’ करणारं एखादं ॲप घाला. ते स्वतःच रात्रंदिवस मागे चालू राहतं आणि रॉकेटच्या चित्रावर बोट ठेवलं की जाहिरात दाखवतं. सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त मूळची ॲप्स चालतील असा, फोन सुरू केला की आपण घातलेल्या ॲप्सपैकी कुणी गोंधळ घालतंय का हे तपासता येतं. तपासू नका, बहुतेक हे ‘साफ’ करणारं ॲपच सापडेल.

चार्जिंगचा त्रास हा तर हुकमी पत्ता. केबल सैल बसते, जरा हललं की चार्जिंग तुटतं. कारण साधं आहे. खिशातला भुगा पोर्टमध्ये शिरतो आणि आपण दर वेळी केबल खुपसून तो तळाशी ठासतो. हळूहळू त्याचा इतका घट्ट थर होतो की केबल केसभर अलीकडेच अडते. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने कडा मोकळ्या केल्या तर राखाडी धाग्यांचा एक सपाट तुकडा अखंड बाहेर येतो आणि केबल टक्‌ आवाज करून बसते. इतकं सोपं उत्तर निघालं तर सगळंच मुसळ केरात. त्यापेक्षा एका पाठोपाठ नव्या केबली आणा. केबल तिरकी करून वर जाड पुस्तक ठेवा आणि घरातल्यांना त्या टेबलाजवळून दबकत चालायला लावा.

समोरच्याला तुमचा आवाज ऐकू येत नसेल तर ओरडा. खालचं माइकचं बारीक छिद्र कव्हरने झाकलंय का, हे बघायला जाऊ नका.

स्टोरेज भरलं की फोन मंदावतो, कारण नवीन काही लिहायला स्टोरेजमध्ये मोकळे कप्पे लागतात. तेव्हा जागा करायला म्हणून बसा आणि जुने फोटो बघत रमा. शेवटी एक हललेला फोटो डिलीट करा. आयफोनवर तोसुद्धा ३० दिवसांपर्यंत ‘नुकतेच डिलीट केलेले’मध्ये जागा अडवून बसतो. व्हॉट्सॲपच्या ग्रुपांत साठलेल्या व्हिडिओंना हात लावू नका, ते लागतील कधीतरी.

आता थोडा वेळ थट्टा बाजूला. फोनची पाठ फुगली, स्क्रीन कडेने उचलली गेली, तर आत बॅटरीमध्ये वायू साठलाय. तो फोन चार्जिंगला लावू नका, दाबून बसवू नका, टोचू नका, घरच्या कचऱ्यात टाकू नका. पेट घेऊ शकतो. जाणकाराच्या हवाली करा.

फोन तापत असेल तर फ्रिज आहेच. बाहेर काढल्यावर त्याच्यावर दव धरतं, आतही. एरवी ज्याला पाणी शिवलं नसतं अशा फोनला पाण्याने मारायचा हा खात्रीचा मार्ग.

एवढं करूनही फोन चालतच राहिला तर खचू नका, कंपन्या तुमच्या पाठीशी आहेत. मे २०२५ पासून आयफोनवर व्हॉट्सॲपला आयओएस या आयफोनच्या सिस्टीमची किमान १५.१ आवृत्ती लागते. ज्या आयफोनला तेवढं अपडेट मिळतच नाही, त्याची काच, कॅमेरा, स्पीकर सगळं शाबूत असूनही तो निकामी ठरतो. इथे तुम्हाला बोटही उचलावं लागत नाही आणि दोष कुणाच्याच माथी येत नाही. यात खोडा घातलाय तो युरोपीय संघाने. २० जून २०२५ पासून तिथे बाजारात येणाऱ्या फोनची बॅटरी ८०० चार्जनंतरही ८० टक्के उरली पाहिजे, विक्री थांबल्यावरही पाच वर्षं सिस्टीमची अपडेट्स आणि सात वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत. असे फोन हाती आलेल्या लोकांना कारण शोधताना घाम फुटणार आहे.

शेवटचा उपाय फॅक्टरी रीसेट. बॅकअप न घेता, बटणं दाबून रिकव्हरी मेन्यूतून करा. अँड्रॉइड ५.१ पासून अशा रीसेटनंतर फोन जुनं गूगल खातं विचारू शकतो आणि त्याचा पासवर्ड तुमच्याकडे नसतो. असतो तो त्याच फोनच्या नोट्समध्ये, म्हणजे होता. एवढं धाडस नसेल तर फोन तसाच ड्रॉवरमध्ये टाका. बराच काळ न वापरता ठेवायचा फोन निम्मा चार्ज करून ठेवावा असं सांगतात, तेव्हा तुम्ही पार उतरलेला ठेवा. वर्षभराने घरात कुणाला तरी त्यातला एक फोटो हवा असेल आणि फोन काही केल्या सुरू होणार नाही. दुरुस्तीवाला नवी बॅटरी घालेल. फोन सुरू होईल आणि त्यातली ॲप्स सटासट उघडायला लागतील. ‘चांगला आहे की हो, बदलला कशाला?’ असं त्याने विचारलं तर उत्तर देऊ नका. नव्या फोनचा कॅमेरा दाखवा.