मामांची थुंकी

इंग्लंडमध्ये केंट परगण्यातल्या एका लिलावघरात शनिवारी मला चारचौघांत दम भरला गेला. "चित्रांना हात लावू नका, सर." हात माझा नव्हताच. मामांचा होता.

चित्र नेहमीचंच. शेतमजुराचं घर, चूल, पाळणा, मांजर. क्रॅनब्रुक गावात थॉमस वेब्स्टर, एफ. डी. हार्डी वगैरे चित्रकार मंडळी एकोणिसाव्या शतकात असल्या घरांची चित्रं काढत आणि कारखानदार ती विकत घेत. यादीत लिहिलं होतं 'आफ्टर हार्डी'. 'अ‍ॅट्रिब्यूटेड टु' म्हणजे बहुधा त्याचंच. 'आफ्टर' म्हणजे सरळ नक्कल. तरी नक्कल जुनी होती. अंधाऱ्या कोपऱ्यात मगरीच्या पाठीसारख्या भेगा होत्या. तपकिरी रंगात बिट्युमेन, म्हणजे डांबर, घातलं की असं होतं, ते कधी पुरतं वाळतच नाही. मी दहापटीचं भिंग लावून सही बघत होतो. सहीचा रंग भेगांत उतरला असेल, तर सही मागाहून ठोकलेली समजायची.

"अरे, चूल पेटलीय आणि धूर कुठाय?" मामा कराडचे. त्यांच्या आईचा जन्म धुरात गेला.

"धुराड्यातून जातो, मामा."

"पाच पोरं, अन् एकाचं नाक वाहत नाही? आणि ही बाई काय करते? नुसती हसते. रंगवणारा स्वयंपाकघरात कधी गेला नसावा."

मला राग आला, कारण या चित्रांबद्दल मला जे बोलायचं असतं ते मामा फुकट बोलत होते. पोट भरलेल्या गिऱ्हाइकाला गरीब असेच हवे होते : धुतलेले, हसरे, थोडे तपकिरी.

"तोंड तरी धू की गं पोराचं," असं बाईला सुनावून मामांनी बोट जिभेला लावलं आणि पाळण्यातल्या बाळाचा गाल पुसला.

थुंकीत अमायलेज नावाचं पाचक विकर असतं. चित्रांचे डॉक्टरसुद्धा ती वापरतात, पण कापसाच्या बोळ्यावर, हलक्या हाताने. रंगाचे पोपडे सुटले असतील तर बोटाबरोबर गालच निघून येतो. थुंकीने वरची काजळी जाते, व्हार्निशचा पिवळेपणा जात नाही. त्याला द्रावकच हवं. इथं दीडशे वर्षांची काजळी निघाली आणि रुपयाएवढा गुलाबी गाल चमकायला लागला.

तोवर त्या चित्राकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. आता दोन दलाल थबकले. एकाने अतिनील किरणांची जांभळी बॅटरी मारली. जुनं व्हार्निश हिरवट उजळतं, नंतरची डागडुजी काळी दिसते. काळं फारसं दिसलं नाही.

माझा हिशेब पक्का होता : हातोडा चारशे पौंडांवर, त्यावर लिलावघराचे पंचवीस टक्के म्हणजे शंभर, त्या शंभरावर व्हॅट वीस. एकूण 520. हातोडा पडला साडेसहाशेवर.

गाडीत बसल्यावर मामांनी विचारलं, "सगळं चित्र धुवायचं असलं तर हे लोक किती घेतात रे?"