कोलम की बासमती?

पावसाळा आला, म्हणजे भिजलेले लॅपटॉप सुकवायला तांदळाच्या डब्यात पुरायचे दिवस आले. या मोसमातला तिसरा परवाच माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर येऊन पडलाय. हलवला की खुळखुळ्यासारखा वाजतो. सोबत ठरलेलं वाक्य: "चालू तेवढा करून दे, पाच मिनिटांचं काम आहे." ज्या नवशिक्यांनी अजून ही पायरी गाठलेली नाही, त्यांच्यासाठी थोडं मार्गदर्शन.

लॅपटॉपची जागा गादीवर. त्याच्या पोटाखाली हवा ओढायच्या फटी असतात, त्या चादरीने नीट झाका. वर्षा-दोन वर्षांत पंखा आणि हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या) मध्ये धुळीची छान वाकळ तयार होते, प्रोसेसर नव्वदीपार तापतो आणि जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करतो. मग "स्लो झालाय" म्हणून फॉरमॅट मारून घ्या. वाकळ आहे तिथेच राहील.

साफसफाईची फारच हौस असेल, तर व्हॅक्यूम क्लीनर लावून पंखा भिंगरीसारखा फिरवा. काडीने पाती अडवून धरायची नाहीत, बेअरिंगला तेवढाच व्यायाम.

तीन पिनांचा प्लग बोर्डात बसत नाही? अर्थिंगची जाड पिन मोडा. धातूच्या बॉडीला हात लावल्यावर मुंग्या येतील, त्याची सवय होते.

डेस्कटॉप रोज सकाळी दहा वर्षं मागच्या तारखेला जागा होतो आणि एकही वेबसाइट धड उघडत नाही? इंटरनेटवाल्याशी भांडा. मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा रुपयाएवढा सीआर२०३२ सेल बदलायच्या भानगडीत पडू नका.

स्क्रीनवर "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा" आलं, की लगेच करा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो, पण तुम्ही कशाला शंका घेताय? नंतर, पैसे गेल्यावर, १९३० ही सायबर हेल्पलाइन आहेच.

आता मुख्य विषय. कीबोर्डवर चहा सांडला, किंवा दादरच्या पुलावर बॅगेत पाणी शिरलं. पहिलं काम, झाकण मिटा आणि लॅपटॉप बंद झाला असं समजा. तो झोपलेला असतो, बंद नसतो. बॅटरी आत जोडलेलीच असते आणि बोर्डावर वीज खेळत असते. मग पाच मिनिटांनी "चालतोय का बघूया" म्हणून बटण दाबा. दर अर्ध्या तासाने दाबा. तरीही नाही? चार्जर लावा, म्हणजे ओल्या बोर्डावर आणखी वीस व्होल्ट. नुसत्या पाण्याने बोर्ड क्वचितच मरतो, मरतो तो ओल्यात वीज सोडल्याने. चहातलं दूध-साखर, पावसाच्या पाण्यातला मळ आणि क्षार यांतून प्रवाह भलत्या वाटेने जातो, सोल्डरचे टाके खातो आणि तांब्यावर हिरवट बुरशीसारखा थर चढतो. हेअर ड्रायर मारलात तर उरलेला ओलावा चिपच्या खाली आणखी खोल जाईल आणि बटणं वाकडी होतील, तेही करून घ्या.

आणि मग तांदूळ. तांदूळ म्हणजे काय धन्वंतरी आहे? चिपच्या पोटाखालचं पाणी तो बाहेरून कसा ओढणार? पंख्याखाली उघडा ठेवलेला लॅपटॉपही तितकाच सुकतो, आणि त्यात पिठूळ धूळ तरी जात नाही. बरं, सुकला तरी साखर कुठे जाते? ती आतच राहते. मुंबईच्या दमट हवेत पुन्हा ओलावते आणि आठ दिवस "बरा झाला" म्हणून मिरवलेला लॅपटॉप नवव्या दिवशी गप्प होतो. तीन दिवस डब्यात पुरलात ना? नेमके तेच तीन दिवस महत्त्वाचे होते!

अहो, चार्जर काढा. पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. लॅपटॉप उघडा करून तंबूसारखा पालथा ठेवा आणि त्या बटणाला पुन्हा हात लावू नका. त्याच दिवशी लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात न्या किंवा नाक्यावरच्या माणसाकडे, कोणाकडेही न्या, पण त्याला सांगा, "खोलून आधी बॅटरीचा कनेक्टर काढ आणि बोर्ड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने धू." आणि काय सांडलं ते खरं सांगा. "काही नाही, असाच बंद पडला" म्हणता, आणि झाकण उघडल्यावर वेलचीचा वास येतो!

एवढं झाल्यावर वर तोंड करून विचारता, "फोटो तेवढे निघतील ना?" कुठून? कितीतरी लॅपटॉपांत एसएसडी, म्हणजे फोटो जिथे साठतात ती डिस्क, बोर्डालाच डकवलेली असते. सुटी निघाली, तर दुसऱ्या मशीनला लावल्यावर बिटलॉकर हे विंडोजचं कुलूप ४८ आकडी किल्ली मागतं. ती असते मायक्रोसॉफ्ट अकाउंटात, ज्याचा पासवर्ड दुकानदाराने पहिल्या दिवशी टाकला आणि तुम्ही कधी विचारला नाहीत. मुलीच्या बारशापासूनचे फोटो एकाच जागी ठेवलेत. एक बाहेरची हार्ड डिस्क घ्यायला काय झालं होतं? रविवारी कॉपी मारायची, वायर काढायची, कपाटात ठेवायची. लॅपटॉपला लावूनच ठेवायची नाही, रॅन्समवेअर (फाइली कोंडून खंडणी मागणारा व्हायरस) दोन्ही एकदम खातं. अकाउंटात शिरून ते ४८ आकडे कागदावर उतरवून घ्या. आज. जेवायच्या आधी.

परवाच्या लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टात एक कणी अडकली आहे, मधल्या पट्टीला चिकटून फुगलेली. प्लास्टिकच्या चिमट्यानेही निघत नाही. कोलमच असावा.