तुमच्या एका ताऱ्याबद्दल, आणि त्या ५४ हजारांबद्दल

नमस्कार सर,

आम्ही भरून दिलेल्या आयकर रिटर्नबद्दलचा तुमचा एका ताऱ्याचा अभिप्राय पूर्ण वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आर्थिक वर्ष २०२४-२५ मध्ये नोकरीशिवाय तांत्रिक सल्ल्याच्या कामाचे ५४,००० रुपये मिळाले. त्यातल्या ३६,००० वर काम देणाऱ्या कंपनीने ३,६०० टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरलेला टॅक्स) आधीच कापला होता. बाकीचे १८,००० दुसरीकडून यूपीआयने आले, ते 'कुठेच दिसत नव्हते'. तरी आम्ही खोदून खोदून विचारलं, नेहमीचा सोपा फॉर्म बदलला, फी जास्त घेतली, आणि रिफंड राहिला बाजूला, उलट तुम्हालाच पैसे भरायला लावले. मित्राला मात्र दुसरीकडे टीडीएस पूर्ण परत मिळाला.

अशिलाची माहिती आम्ही चारचौघांत बोलत नाही. त्यामुळे तुम्ही स्वतः लिहिलेत तेवढेच आकडे वापरतो, आणि स्लॅब, म्हणजे टॅक्सचा दर, उदाहरणापुरता १५ टक्के धरतो.

आधी टीडीएसबद्दल, कारण हा समज फार जणांचा आहे. टीडीएस कापला म्हणजे त्या रकमेचा टॅक्स भरून झाला, असं नसतं. कंपनीला तुमचा पगार माहीत नसतो. व्यावसायिक फी दिली की ती सरसकट १० टक्के कापते आणि तुमच्या पॅनवर जमा करते. खरा टॅक्स ठरतो पगार, व्याज, ही फी असं सगळं एकत्र करून. ज्याचं एकूण उत्पन्न करपात्रच नाही त्याला कापलेले पैसे परत मिळतात. जो ३० टक्क्यांत आहे त्याला आणखी भरावे लागतात. 'अडीच-तीन लाखांपर्यंत माफ असतं ना' असंही लोक विचारतात. ती सूट एकूण उत्पन्नाला एकदाच मिळते आणि नोकरदाराच्या बाबतीत ती पगारातच संपलेली असते. जोडकमाईला वेगळी सूट नाही, मग ती ५४ हजार असो की ५ हजार.

आता फॉर्म. पगार आणि व्याज एवढंच असेल तर आयटीआर-१, म्हणजे 'सहज' नावाचा फॉर्म, पुरतो. व्यवसायाचं उत्पन्न त्यात दाखवता येत नाही. तांत्रिक सल्ला हा त्या वर्षाला लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ४४ एडीएमध्ये बसणारा व्यवसाय आहे, म्हणून आम्ही आयटीआर-४, म्हणजे 'सुगम' फॉर्म भरला. या कलमाखाली मिळालेल्या फीच्या किमान निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवायची असते, उरलेली खर्चापोटी सोडून दिली जाते. लॅपटॉप, इंटरनेट, वीज यांची बिलं जमवत बसावं लागत नाही.

हिशेब इथेच मांडतो. ५४,००० च्या निम्मे २७,०००. त्यावर १५ टक्के म्हणजे ४,०५०, वर ४ टक्के उपकर १६२, एकूण ४,२१२. यातून ३,६०० टीडीएस वजा केला की भरायचे उरतात ६१२ रुपये. हेच ५४,००० 'इतर उत्पन्न' म्हणून सोप्या फॉर्ममध्ये टाकले असते, तर खर्चाची वजावट न धरता टॅक्स ८,४२४ झाला असता आणि टीडीएस जाऊन ४,८२४ भरावे लागले असते. बरेच जण तसंच टाकतात. फॉर्म बदलल्याने तुमचं नुकसान झालेलं नाही सर. आमची फी जास्त लागली ती या कामाची, आणि ती काम हातात घेण्याआधी सांगितली होती.

मित्राच्या रिफंडवर बोलणं मला थोडं जड जातं, कारण त्यांची कागदपत्रं मी पाहिलेली नाहीत. त्यांचं एकूण उत्पन्न कमी असेल तर रिफंड अगदी रास्त आहे. पण फी दाखवलीच नाही आणि तिच्यावरचा टीडीएस मात्र परत मागितला, असं असेल तर काळजी वाटते. फॉर्म २६एएस आणि एआयएस ही तुमच्या पॅनवरच्या टीडीएस आणि उत्पन्नाची सरकारी नोंदपत्रकं. या दोन्हींत कुणी, कधी, किती रकमेवर टीडीएस कापला ते ओळीनिशी दिसतं, आणि ते आयकर खात्याला तुमच्याआधी दिसतं. असं रिटर्न सदोष ठरवल्याची नोटीस येते, तिला उत्तर द्यायला साधारण १५ दिवस मिळतात. रिफंड बँकेत जमा झाला म्हणजे विषय मिटला असं नाही. कमी उत्पन्न दाखवल्याचा दंड त्यावरच्या टॅक्सच्या ५० टक्के, आणि जाणूनबुजून चुकीची माहिती दिल्याचं ठरलं तर २०० टक्के. कृपया त्यांना एकदा तपासून घ्यायला सांगा. राहून गेलेलं उत्पन्न दाखवायला अद्ययावत रिटर्नची सोय आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पात तिची मुदत २४ महिन्यांवरून ४८ महिने झाली. पहिल्या १२ महिन्यांत भरलं तर टॅक्स आणि व्याजावर २५ टक्के जादा पडतात, पुढे हे प्रमाण वाढत जातं.

राहिले ते १८,०००. तुमचा खरा राग यावरच आहे असं मला वाटतं. त्यावर टीडीएस कापला गेला नाही, कारण त्या वर्षी एका देणाऱ्याकडून व्यावसायिक फी ३०,००० च्या वर गेली तरच कापायची होती. टीडीएस लागत नाही आणि टॅक्स लागत नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आम्ही प्रत्येक अशिलाला विचारतो की कापलेल्याशिवाय आणखी काही आलं का. तुम्ही खरं सांगितलंत. एकदा मला कळल्यावर ते सोडून रिटर्न बनवणं मला जमणार नाही, उद्याही जमणार नाही. रिटर्नच्या शेवटी माहिती खरी आणि पूर्ण असल्याचं घोषणापत्र असतं. ते माझ्या नावाने नसतं, तुमच्या नावाने असतं. पडताळणीचा आधार ओटीपी तुमच्या मोबाईलवर येतो. पुढे नोटीस आली तर तीही तुमच्याच नावाने येते. ज्याच्या अंगावर येणार त्याला अंधारात ठेवून मी रिफंड वाढवून दाखवू शकत नाही, भले त्यासाठी एक तारा मिळो.

पुढच्या वर्षी हीच दगदग टाळता येईल. जोडकाम चालू ठेवणार असाल तर त्याचं अंदाजे उत्पन्न तुमच्या कंपनीच्या पेरोल विभागाला कळवा. ते पगारातून दरमहा थोडा जादा टीडीएस कापू शकतात, म्हणजे रिटर्नच्या वेळी एकदम भरायची वेळ येत नाही. यूपीआयने पैसे घेताना साधं बिल द्या, आणि शक्य असेल तर या कामासाठी वेगळं बचत खातं ठेवा. एआयएसमध्ये एखादी नोंद चुकीची दिसली तर तिथेच हरकत नोंदवता येते, ती कशी नोंदवायची हे आम्ही फी न घेता दाखवू.

वरचा हिशेब तुमच्या खऱ्या स्लॅबने मांडलेला कागद तुमच्या फाइलमध्ये आहे. कधीही या, समोर बसून ओळ न ओळ बघू. एखादा आकडा पटला नाही तर तो दुसऱ्या सल्लागाराला दाखवायलाही माझी हरकत नाही.